पदार्थविज्ञानाची उजळणी आणि भिलाईचा रूळ

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग शहराला लागूनच भिलाई आहे. १९५५ सालच्या फेब्रुवारीत भारत आणि सोव्हिएट रशिया यांच्यात येथील पोलाद कारखान्याचा करार झाला. त्या वेळी हा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेश राज्यात मोडत असे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. २००० सालापासून भिलाई छत्तीसगढ राज्यात आहे. कारखान्याभोवती सेक्टरांची आखीव वसाहत उभी राहिली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या कुटुंबांबरोबर विदर्भातील मराठी कुटुंबेही येथे स्थायिक झाली.

आज हे गाव पोलादाप्रमाणेच परीक्षांच्या तयारीसाठीही ओळखले जाते. २०१६ साली येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. परंतु अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेची ओढ त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. नववी-दहावीतील मुलेमुली पायाभूत पदार्थविज्ञानाच्या परीक्षेस बसतात आणि त्या परीक्षेवर पुढील वाट अवलंबून आहे, असे घरातील सर्वांनाच वाटत असते. म्हणूनच उजळणी कशी करावी, हा प्रश्न येथे केवळ शाळेपुरता उरत नाही.

ओळख आणि ज्ञान

पुष्कळ विद्यार्थी उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे असे समजतात. ते धडा दुसऱ्यांदा वाचतात, तिसऱ्यांदा वाचतात, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा ओढतात. प्रत्येक वाचनाबरोबर मजकूर सोपा वाटू लागतो. पाचव्या वाचनात तर पुढचे वाक्य डोळ्यांआधीच मनात येते. विद्यार्थ्याला वाटते, आता धडा तयार झाला. परीक्षागृहात मात्र पुस्तक समोर नसते, आणि जे इतके परिचित वाटत होते ते ऐन वेळी आठवत नाही. विद्यार्थी स्वतःला मंद समजू लागतो, पालक त्याने अभ्यासच केला नाही असे समजतात. वास्तविक दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात. त्याने कष्ट केलेले असतात. परंतु ते ओळख वाढविण्यात खर्च झालेले असतात. ओळखीचा माणूस रस्त्यात दिसला की आपण त्याला तत्काळ ओळखतो. पण त्याच्या अनुपस्थितीत त्याच्या चेहऱ्याचे चित्र काढावयास बसलो की हात थबकतो. पाठ्यपुस्तकातील सूत्राचेही तसेच आहे.

विस्मरणाचा पद्धतशीर अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने केला आणि तो १८८५ साली प्रसिद्ध झाला. अर्थहीन अक्षरगटांच्या याद्या स्वतःच पाठ करून, ठराविक काळाने त्यांतील किती उरले हे तो मोजीत असे. पाठ केलेल्या मजकुराचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. विसरणे हा आळसाचा परिणाम नसून स्मृतीचा स्वभावच आहे, हे त्यावरून दिसून आले.

या निसटण्यास आळा कसा घालावा, याचे एक उत्तर २००६ साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून मिळते. विद्यार्थ्यांना एक उतारा देण्यात आला. काहींनी तो दोनदा वाचला; काहींनी एकदा वाचला आणि दुसऱ्या वेळी कागद समोर न ठेवता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली असता दोनदा वाचणाऱ्यांची सरशी झाली. त्यांना ८१ टक्के मजकूर आठवला, तर दुसऱ्यांना ७५ टक्के. एका आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले. दोनदा वाचणाऱ्यांजवळ ४२ टक्के उरले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांजवळ ५६ टक्के. परीक्षा वाचनानंतर पाच मिनिटांनी नव्हे, तर आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येते. म्हणून दुसऱ्या मार्गाचा लाभ विद्यार्थ्याने ओळखला पाहिजे. आठवण्याच्या प्रयत्नामुळे, आपण शिकलो की नाही हे तर कळतेच. शिवाय तो प्रयत्न हे स्वतःच एक शिकणे असते.

रुळाची परीक्षा

भिलाईच्या कारखान्यात भारतीय रेल्वेसाठी रूळ लाटले जातात. लाटून थंड झालेला रूळ बाहेरून गुळगुळीत आणि निर्दोष दिसतो. तरीही तो तसाच रवाना केला जात नाही. कारण आतील सूक्ष्म भेग डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी रुळात ध्वनितरंग सोडतात. त्यांची वारंवारता सेकंदाला २०,००० पेक्षा कितीतरी अधिक असल्याने माणसाला ते ऐकू येत नाहीत. म्हणून त्यांना श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. हे तरंग पोलादातून जातात आणि दुसऱ्या कडेवर आपटून परततात. वाटेत भेग असेल तर काही तरंग तेथूनच मागे फिरतात आणि त्यांचा प्रतिध्वनी लवकर येतो.

नववीच्या पुस्तकातील प्रतिध्वनीचे उदाहरण ते हेच. पोलादात या तरंगांचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर असतो. मीटरला ६० किलोग्रॅम वजनाच्या रुळाची उंची १७२ मिलिमीटर असते. तरंगाला जाऊन परत यावयाचे असल्याने त्याने कापलेले अंतर ०.३४४ मीटर होते. या अंतरास वेगाने भागले की सुमारे ५८ मायक्रोसेकंद हा काळ मिळतो. प्रतिध्वनी २९ मायक्रोसेकंदांतच परतला, तर दोष निम्म्या उंचीवर आहे असे समजावे. या उदाहरणात बहुसंख्य विद्यार्थी एकाच ठिकाणी चुकतात: ध्वनी जातो आणि येतो, म्हणून अंतर दुप्पट धरावयाचे, हे ते विसरतात. ज्याने रुळाची ही परीक्षा एकदा मनासमोर आणली, तो बहुधा हे विसरणार नाही.

उजळणीची रीतही याच जातीची आहे. पुनःपुन्हा वाचणे म्हणजे रुळाचा पृष्ठभाग न्याहाळणे होय. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहून पाहणे म्हणजे आत तरंग सोडणे होय. भेग कोठे आहे ते त्यानेच कळते.

सूत्राला विचारावयाचे चार प्रश्न

पदार्थविज्ञानात सूत्र हे वाक्याप्रमाणे असते; त्यातील प्रत्येक अक्षरास अर्थ असतो. उजळणीच्या वेळी प्रत्येक सूत्रासाठी विद्यार्थ्याने पुस्तक न पाहता चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. पहिला प्रश्न: यातील प्रत्येक राशी म्हणजे काय? दुसरा: तिचे एकक कोणते? तिसरा: हे सूत्र केव्हा लागू पडते आणि केव्हा पडत नाही? चौथा: ते प्रत्यक्ष कोणत्या वस्तूत पाहावयास मिळते?

रेषीय प्रसरणाचे सूत्र घेऊ. लांबीतील वाढ म्हणजे मूळ लांबी, प्रसरणांक आणि तापमानातील फरक यांचा गुणाकार. लांबी व वाढ मीटरमध्ये मोजावी. पोलादाचा प्रसरणांक दर अंश सेल्सियसला सुमारे ०.००००१२ आहे. तापमान किती आहे हे येथे विचारावयाचे नसून तापमानात फरक किती पडला हे विचारावयाचे असते. आणि वस्तू मोकळी असेल, तिला कोणी दाबून धरले नसेल, तरच ही वाढ प्रत्यक्षात होते.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर भिलाईच्या विद्यार्थ्याला दूर शोधावे लागत नाही. येथील कारखान्यातून २६० मीटर लांबीचे जोडलेले रूळ रेल्वेकडे जातात. हिवाळ्याच्या पहाटे असा मोकळा रूळ १० अंशांवर आहे आणि उन्हाळ्याच्या दुपारी तो ५० अंशांपर्यंत तापला असे समजू. फरक ४० अंशांचा. २६० गुणिले ०.००००१२ गुणिले ४० म्हणजे ०.१२५ मीटर, अर्थात सुमारे साडेबारा सेंटिमीटर. रूळ वितीच्या निम्म्याहून थोडा अधिक वाढेल. जुन्या लोहमार्गावर दोन रुळांमध्ये फट ठेवीत आणि गाडीचा ठेका त्या फटींतून येत असे. सलग जोडलेल्या मार्गावर स्लीपर आणि खडी रुळाला घट्ट धरून ठेवतात. तेथे लांबी फारशी वाढत नाही, परंतु रुळात मोठा ताण साठतो. म्हणून कडक उन्हाळ्यात अशा मार्गांवर विशेष लक्ष ठेवावे लागते. तिसरा प्रश्न का विचारावयाचा, हे येथे स्पष्ट होते.

एकाच वस्तूत अनेक प्रकरणे

पाठ्यपुस्तकात प्रकरणे वेगवेगळी असतात. जगात ती एकत्र असतात. तोच रूळ घेऊन पुढे विचारता येईल. मीटरला ६० किलोग्रॅम, म्हणजे २६० मीटरच्या रुळाचे वस्तुमान १५,६०० किलोग्रॅम. पोलादाची घनता घनमीटरला सुमारे ७,८५० किलोग्रॅम. तेव्हा एक मीटर रुळाचे आकारमान ६० भागिले ७,८५०, म्हणजे ०.००७६ घनमीटर. त्यावरून रुळाच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ७६ चौरस सेंटिमीटर निघते. रुळाला हात न लावता आणि मोजपट्टी न वापरता. तोच रूळ एक मीटर उचलावयास किती कार्य करावे लागेल, तो वाहून नेणारी गाडी थांबविणे रिकाम्या गाडीपेक्षा कठीण का, असे प्रश्न क्रमाने निघत जातात आणि घनता, कार्य, जडत्व व संवेग ही प्रकरणे एका माळेत ओवली जातात.

अशा मिश्र सरावाचे महत्त्व प्रयोगानेही दिसून आले आहे. २००७ साली डग रोहरर आणि केली टेलर यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार प्रकारच्या घनाकृतींचे आकारमान काढावयास शिकविले. एका गटाने एका प्रकारची सर्व उदाहरणे संपवून दुसरा प्रकार घेतला. दुसऱ्या गटाने सर्व प्रकार मिसळून सोडविले. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली आणि दुसऱ्याची ६० टक्के. एका आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिल्या गटाला २० टक्के जमले आणि दुसऱ्याला ६३ टक्के. याचे कारण उघड आहे. 'ओहमचा नियम' या मथळ्याखालील दहा उदाहरणे सोडविताना कोणते सूत्र घ्यावे हा प्रश्नच पडत नाही; मथळ्यानेच ते सांगितलेले असते. परीक्षेत मथळा नसतो. सूत्र निवडणे हीच तेथील अर्धी परीक्षा असते, आणि तिचा सराव मिश्र उदाहरणांनीच होतो.

मिश्र सराव सुरुवातीस निराशाजनक वाटतो, कारण चुका अधिक होतात. या निराशेमुळेच अनेकजण तो सोडून देतात. शिक्षकाने आणि पालकाने या ठिकाणी विद्यार्थ्याला धीर द्यावयास हवा. घरी झालेली चूक स्वस्त असते.

आधी अंदाज, मग आकडेमोड

उदाहरण सोडविण्यापूर्वी उत्तर साधारण किती यावे, याचा अंदाज लिहून ठेवण्याची सवय फार उपयोगी आहे. रुळाच्या उदाहरणात दशांशचिन्ह चुकून उत्तर १२.५ मीटर आले, तर अंदाज बांधणारा विद्यार्थी तत्काळ थांबेल. कारण उन्हात रूळ घराएवढा वाढल्याचे कोणी पाहिलेले नाही.

कधी कधी अंदाजच चुकतो, आणि तो तर अधिक शिकवून जातो. १०० अंशांवरील एक किलोग्रॅम लोखंड ३० अंशांवरील एक किलोग्रॅम पाण्यात टाकले, तर अखेरचे तापमान किती होईल? पुष्कळ विद्यार्थी दोहोंची सरासरी काढून ६५ अंश म्हणतात. परंतु लोखंडाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या सुमारे ०.११ पट आहे. लोखंडाने गमावलेली उष्णता पाण्याने मिळविलेल्या उष्णतेइतकी धरून हिशोब केला, तर उत्तर सुमारे ३७ अंश येते. पाणी जेमतेम सात अंशांनी तापते. तापमान आणि उष्णता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे वाक्य पाठ करणाऱ्यापेक्षा ६५ आणि ३७ यांमधील अंतर पाहून चकित झालेला विद्यार्थी अधिक समजलेला असतो.

'का' विचारणारी उजळणी

सर्वच प्रश्न आकड्यांचे नसतात. कारणे द्या, असे म्हटले की पाठांतर करणारा अडखळतो. यावर उपाय म्हणजे रोजच्या वस्तूंना 'का' विचारणे.

उदाहरणार्थ, मे महिन्यात भिलाईच्या घरांतून कूलर चांगला गारवा देतो आणि जुलैमध्ये तोच कूलर निरुपयोगी का ठरतो? वाळ्याच्या अथवा गवताच्या ताटीतून झिरपणाऱ्या पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी अप्रकट उष्णता हवेतून घेतली जाते. साधारण तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी लागतात. मे महिन्यातील कोरडी हवा वाफ सहज सामावून घेते. पावसाळ्यातील हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने बाष्पीभवन मंदावते. याच कूलरची शक्ती २०० वॅट असेल आणि तो दहा तास चालला, तर वीज २ युनिट खर्च होते. एका वस्तूने उष्णता आणि विद्युत् या दोन्ही प्रकरणांची उजळणी केली.

दुसरा प्रश्न असा: विद्युत्चुंबकाच्या यारीने थंड लोखंडाचे तुकडे उचलता येतात, मग लालबुंद तापलेला तुकडा ती का उचलू शकत नाही? याचे कारण असे की सुमारे ७७० अंश सेल्सियसच्या वर लोखंड आपला चुंबकीय गुण गमावते. या तापमानास फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर क्यूरी याच्या नावाने क्यूरी बिंदू म्हणतात. आणि झोतभट्टीत वितळलेल्या लोखंडावर धातुमळी का तरंगते? तिची घनता लोखंडापेक्षा बरीच कमी असते म्हणून. पाण्यावर लाकूड तरंगते त्याच नियमाने.

चुकांची वही आणि दिवसांची आखणी

प्रत्येक विद्यार्थ्याने एक स्वतंत्र वही चुकांसाठी ठेवावी. तिच्यात तीन रकाने असावेत: काय लिहिले, ते का चुकले आणि बरोबर काय. मधला रकाना सर्वांत महत्त्वाचा. चूक आकडेमोडीची होती, एककाची होती, प्रश्न नीट न वाचल्याची होती की कल्पनाच अस्पष्ट होती, हे तेथे प्रामाणिकपणे लिहावे. 'निष्काळजीपणा' हा शब्द शक्यतो टाळावा, कारण त्याने काहीच कळत नाही. पंधरा दिवसांनी वही चाळली असता बहुधा असे आढळते की चुका अनेक असल्या तरी त्यांचे प्रकार दोन-तीनच आहेत. उरलेला वेळ त्या दोन-तीन ठिकाणी द्यावा.

एका धड्याची उजळणी एकाच दिवशी चार तास करण्यापेक्षा ती निरनिराळ्या दिवशी थोडी थोडी करणे हिताचे असते. धडा शिकविला त्याच संध्याकाळी पुस्तक मिटून दहा मिनिटे आठवून लिहावे, दोन-तीन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा, आणि महिन्याने इतर धड्यांच्या उदाहरणांत मिसळून. प्रत्येक वेळी आधी आठवावे आणि नंतरच पुस्तक उघडून ताडून पाहावे. हा क्रम उलटा केल्यास सर्व श्रम पुन्हा ओळखीपुरते उरतात. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करू नये. दिवसभरात शिकलेले मनात पक्के होण्यास झोपेची आवश्यकता असते, आणि थकलेल्या मनाला सोपी वजाबाकीही जड जाते.

शाळांनाही यात पुष्कळ करता येईल. तासाच्या आरंभी पाच मिनिटे तीन लहान प्रश्न विचारावेत: एक कालच्या पाठावर, एक मागील आठवड्यावर, एक मागील महिन्यावर. त्यांना गुण देऊ नयेत; गुण दिले की भीती येते आणि भीतीबरोबर नक्कल येते. ग्रंथालयात मागील परीक्षांच्या प्रश्नपत्रिका उत्तरांवाचून ठेवाव्यात आणि उत्तरे वेगळ्या ठिकाणी असावीत, म्हणजे वाचकाला आधी स्वतः प्रयत्न करावा लागेल. घरी शिकवणारे कोणी नसलेल्या विद्यार्थ्याला या सोयीचा विशेष आधार वाटेल. कारण येथे सांगितलेल्या रीतीला खर्चिक साधने लागत नाहीत. एक मिटलेले पुस्तक, एक कोरा कागद आणि आजूबाजूला पाहणारे डोळे एवढे पुरते.

परीक्षागृहात

प्रश्न हाती आल्यावर तो दोनदा वाचावा. दिलेल्या राशी एककांसह एका बाजूस लिहाव्यात. सेंटिमीटर, मिनिटे, ग्रॅम असतील तर त्यांचे रूपांतर तेथेच करून घ्यावे. शक्य तेथे आकृती काढावी. सूत्र लिहून मग आकडे घालावेत, म्हणजे आकडेमोड चुकली तरी रीत तपासणाऱ्याला दिसते. उत्तरापुढे एकक लिहावे आणि ते अंदाजाशी जुळते की नाही हे क्षणभर थांबून पाहावे. एखादे सूत्र आठवेनासे झाले, तर घाबरू नये. ते ज्या वस्तूशी जोडून ठेवले होते ती वस्तू आठवावी. रुळाची लांबी अधिक तर वाढ अधिक, उन्हाचा फरक अधिक तर वाढ अधिक. एवढे आठवले की गुणाकाराचे सूत्र पुष्कळदा आपोआप परत येते.

कारखान्यातील तपासणीत एखाद्या रुळात दोष आढळला, तर तो दोष गाडी रुळावरून जाण्यापूर्वी कळला याचे समाधान असते. घरच्या कोऱ्या कागदावर अडलेल्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनीही त्या अडण्याकडे असेच पाहावे. भेग सापडली, आणि ती बुजविण्यास अद्याप वेळ आहे.